घेवड्याची मनिऑर्डर

सांगलीच्या पेठेतल्या त्या घरात खाण्याला कधी तोटा नव्हता, आणि तरी तिथले पहिले कित्येक महिने मी अर्धपोटी होते असंच माझ्या मनात बसून राहिलंय. समोर मामांचं किराणा दुकान, मागं स्वैपाकघर आणि मधे एक अंधारी खोली. त्या खोलीत पार तुळयांपर्यंत पोती लावलेली. मी पोत्यांवर चढून बसायची. तिथं बसलं की दुकानातलं सगळं ऐकू यायचं. तराजूची पारडी एकमेकींना लागून खणखणायची, डब्याचं झाकण आपटायचं, पुडा बांधताना दोरा सर्रकन सुटायचा. गिऱ्हाईक काय मागणार आणि मामा काय उत्तर देणार हे मला पाठ झालं होतं. हळद, मिरची, रॉकेल आणि पोत्यांचं किंतान यांचा मिळून एक वास तिथं भरलेला असे. तो माझ्या केसांना लागला, तो लग्न होऊन त्या घरातून बाहेर पडेपर्यंत सुटला नाही. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाकाला पदर लावायची, आणि मला तिचा राग यायचा त्यापेक्षा तिचं बरोबर आहे असं वाटून जास्त वाईट वाटायचं.

मी मूळची तिथली नव्हे. आमचं गाव कोरेगावाकडचं, वाठार स्टेशनात उतरून पुढं चालत जायचं. आई गेली तेव्हा वडील पलटणीत होते, लढाई चालू होती आणि ते कुठल्या मुलखात आहेत हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. घर सगळं नानीवर होतं. नानी म्हणजे माझी थोरली चुलती. तिची स्वतःची पोरं, जनावरं, शेत, आणि त्यात मी. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. तेराव्याचं जेवण उरकलं, मोठी माणसं सोप्यात बसली, आणि मला सांगलीला द्यायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. त्या काळी पोरांना विचारायची रीतच नव्हती, त्यामुळं त्याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. आता वाटतं.

मामा माणूस सरळ. इतका सरळ की त्याचा कधीकधी वैताग यावा. लहानपणी गाव सोडून ते सांगलीला एका व्यापाऱ्याच्या दुकानात राबायला आले, आणि पुढं हळूहळू स्वतःचं दुकान मांडलं. तोलायच्या आधी ते पारड्यावर फुंकर घालायचे, न जाणो गिऱ्हाइकाच्या मालात आपली धूळ जायची. काटा स्थिर होईपर्यंत हात लांब धरायचे. घरात लागणारी डाळसुद्धा ते तोलूनच आत द्यायचे. मामी चिडून म्हणायची, "मी काय गिऱ्हाईक हाय व्हय तुमचं?" त्यावर मामा शांतपणे म्हणायचे, "तसं न्हवं. पर कुठं किती गेलं ते कळाय नको?" त्यांच्या हातून फुकट काही जात नसे आणि फुकट आलेलं काही त्यांना पचत नसे. कुणी पेरू हातावर ठेवला तरी ते अस्वस्थ होत, आणि त्या माणसाच्या पोराला गुळाचा खडा देऊन मोकळे होत. कंजूष नव्हते हो. हिशेब सुटला की त्यांना जमीन हलल्यासारखी वाटे, एवढंच.

आमच्या मागल्या दाराला एक गल्ली होती. तिच्यात पाचसात घरं, आणि त्या घरांमधून सकाळ-संध्याकाळ वाट्या फिरायच्या. पीठ संपलं की शेजारणीकडून वाटीभर उसनं आणायचं, दळून आलं की त्याच वाटीनं फेडायचं. कुणाची भाजी चांगली झाली तर झाकून शेजारी द्यायची, आणि ती वाटी परत येताना तिच्यात दुसरं काहीतरी यायचं. त्यातली एकही वाटी आमच्या दारात येत नसे. त्याला कारणही होतं. ज्या घराच्या पुढच्या बाजूला पीठमीठ विकायला ठेवलंय, त्याच्या मागल्या दारी वाटी घेऊन कसं जायचं? लोकांना संकोच वाटायचा. आणि आमच्या घराला काही कमी पडेल, त्याला वाटीभर आमटी द्यावी, असं तरी कुणाच्या मनात कशाला येईल? मामी अथणीकडची, बोलण्यात मधूनच कानडी यायचं, मला लाडानं "यव्वा" म्हणायची. ती माहेरी भरल्या वाड्यावस्तीत वाढलेली. एकदा तिनं हौसेनं पुरणपोळ्या शेजारी धाडल्या, तर शेजारणीनं दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मुद्दाम डाळ आणि गूळ विकत घेतला. तिला वाटलं, वाण्याच्या घरून पोळी आली म्हणजे गिऱ्हाईक व्हावं अशी अपेक्षा असणार. मामीनं त्या दिवशी भांडी फार जोरात घासली. धान्यानं भरलेल्या त्या घरात आम्ही दोघी तशा एकट्याच होतो. पण ती मोठी आणि मी लहान, त्यामुळं एकमेकींना ते सांगता येत नव्हतं.

मग सुगीत गावाकडून पहिली पाटी आली. आमच्या गावचा किसनआप्पा रेल्वेत गँगमन होता, त्याचं मिरजेला जाणं-येणं असायचं. सांगली तेव्हा संस्थान आणि आमचं गाव इंग्रजी मुलखात. एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत धान्य न्यायला लढाईमुळं बंदी होती, गाठोडी सोडून बघायचे. पण किसनआप्पा रेल्वेचाच माणूस, त्याच्या डोक्यावरच्या पाटीला कुणी हात लावत नसे. तो मागल्या दारानं आला, पाटी उतरवली आणि म्हणाला, "नानीनं वानवळा दिलाय." वर बाजरीची कणसं, खाली नव्या घेवड्याचे वाळले दाणे, तांबूस, अंगावर रेघा असलेले, आणि मधे फडक्यात बांधलेलं काळं तिखट. शेतात नवं काही आलं की ते आपलं माणूस जिथं असेल तिथं आधी पोचवायचं, त्याला आमच्याकडं वानवळा म्हणतात. गावात असताना मी स्वतः असे कितीतरी वानवळे घरोघर पोचवले होते. पण आपल्या नावानं कुठून तरी वानवळा येतो म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी पाटीजवळ बसून राहिले. किसनआप्पानं विचारलं, "का गं तारा, काय सांगू नानीला?" मी बाजरीचं एक कणीस उचलून खाली मान घातली. रडू येत होतं, आणि रडलेलं तो जाऊन सांगेल अशी भीती वाटत होती.

मामीनं त्या घेवड्याचं काय करावं? तिनं तो शिजवला, पण त्याआधी वाट्या काढल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक वाटी भरून माझ्या हातून धाडली. मला शिकवून ठेवलं होतं, "दुकानातलं न्हवं म्हनून सांग. तारीच्या गावचं हाय म्हनून सांग." मी प्रत्येक दारात तेवढंच म्हणायची. बायका वाटी घ्यायच्या, वास घ्यायच्या, "तुझं गाव कुठलं गं?" विचारायच्या. आणि दुसऱ्या दिवसापासून वाट्या परत यायला लागल्या. एकीत ताक होतं, एकीत आंबाड्याचं लोणचं होतं, एकीत नुसतीच साखर होती, ती त्या दिवसांत सोन्यासारखी. पुढं मग पाटी येत राहिली. कधी ओल्या शेंगा, कधी हुरडा, कधी गुऱ्हाळावरची काकवी, एकदा तर म्हैस व्याली म्हणून घट्ट झाकलेल्या चरवीतून चीक. प्रवासात तो नासला होता, तरी मामीनं तो पटकन टाकला नाही. नाकाला पदर लावणारी ती मुलगी आमच्या मागच्याच गल्लीतली निघाली आणि संध्याकाळी सागरगोटे घेऊन यायला लागली. मामी तिखट कांडताना गाणं म्हणायला लागली. दुकानात काही बदललं नाही, तिथं तराजू तसाच खणखणत होता. पण मागल्या दाराला आता कडी लागत नव्हती.

माझी नातसून पुण्यात घरबसल्या भाजी मागवते. खोका येतो, त्यावर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र, त्याचं गाव, आणि 'थेट शेतातून' असं छापलेलं. परवा त्यात घेवडा होता. मी तिला विचारलं, "ह्याला परत काय पाठवायचं?" ती म्हणाली, "अहो आजी, पैसे दिले ना." बरोबरच आहे तिचं. मी उगीच त्या खोक्यावरचं गावाचं नाव दोनदा वाचलं.

पहिली पाटी आली त्याच्या पुढच्या सुगीला सांगलीत कडधान्याची फार टंचाई झाली. ज्वारी-तांदूळ कंट्रोलच्या दुकानात रांग लावून मिळायचे, आणि बाकीच्या दुकानांत गाडी आली तर माल, नाहीतर रिकामे डबे. मामा सकाळी दुकान उघडायचे आणि दिवसभर "न्हाई" म्हणत बसायचे. अशात किसनआप्पा नव्या घेवड्याची पाटी ठेवून गेला. यंदा पाटी काठोकाठ होती. त्या दिवशी काही घरी वाट्या गेल्या, काही उद्यावर राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर माणसं जमली होती. कोर्टातले एक कारकून मामांचे जुने गिऱ्हाईक, त्यांनी विचारलं, "कडधान्य काही?"

"न्हाई साहेब. गाडीच आली न्हाई."

"नाही म्हणता? आणि मागल्या गल्लीत घरोघर घेवडा शिजतोय तो कुठला? वासानं जीव जातोय आमचा. की मागल्या दाराला वेगळा भाव आहे?"

कुणी हसलं. कुणीतरी मागून 'काळाबाजार' हा शब्द उच्चारला. त्या दिवसांत तो शब्द फार हलका झाला होता, कुणीही कुणालाही म्हणायचा. पण मामांना तो कुणी कधी म्हटला नव्हता. मी पोत्यांवरून बघत होते. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. ते उठून तडक आत गेले. मामी पाटी पुढ्यात घेऊन घेवडा निवडत बसली होती. त्यांनी वाकून ती पाटी उचलली.

"अय्यो, कुठं नेताय? ते तोलायचं न्हवं!"

"लोकं मला चोर म्हनत्यात."

"म्हनू द्या. पोरीचा वानवळा हाय त्यो."

"घरात हाय आन् दुकानात न्हाई, आसं माझ्या दुकानात चालायचं न्हाई. सगळ्यांम्होरं तोलतो," मामा म्हणाले आणि पाटी घेऊन बाहेर गेले.

त्यांनी पारड्यावर फुंकर घातली. टंचाईच्या आधी जो भाव होता त्याच भावानं, प्रत्येकाला सारखा, थोडाथोडा तोलून दिला. नानीनं ओंजळीनं भरलेला घेवडा पारड्यात पडताना जो आवाज झाला तो गारांसारखा होता. पाटी रिकामी झाली. कारकुनांनी आपला पुडा घेतला, दाणे चुरून बघितले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "माल उत्तम आहे हो. असाच ठेवत जा." मामांनी रिकामी पाटी आत आणून भिंतीला टेकवून ठेवली. मग मामीला म्हणाले, "त्यातली दिडकी मी ठेवनार न्हाई. सगळं पैसं तिला धाडतो." आणि ते स्वतः पोस्टात जाऊन नानीच्या नावानं मनिऑर्डर करून आले. परत आले ते अगदी हलके होऊन. मला मूठभर फुटाणे दिले. फार समाधान झालं की ते असं काहीतरी करत. त्यांच्या हिशेबी सगळं जागच्या जागी बसलं होतं. रांगेतल्या माणसाला धान्य मिळालं, पिकवणाऱ्याला दाम मिळाला, दुकानाचं नाव राखलं. मी त्यांच्यावर रागावले होते, पण त्यांचं कुठं चुकलं हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

काही दिवसांनी पोस्टमन मनिऑर्डर परत घेऊन आला. घेणारीनं नाकारली होती. मामांनी दोनदा विचारलं, "पत्ता चुकला का?" पत्ता चुकला नव्हता. ते पैसे त्यांनी गल्ल्यात टाकले नाहीत, एका वेगळ्या डबीत घालून देवापुढं ठेवले, आणि त्या दिवसभर गिऱ्हाइकांशी तुटक बोलत राहिले. "पैसा नको म्हननारं मानूस मी आजवर बघितलं न्हाई," ते मामीला म्हणाले. मामी म्हणाली, "मी बघितलंय. तुमी इचारलं न्हाईसा."

त्यानंतर पाटी आली नाही. शेंगांचे दिवस आले आणि गेले, हुरड्याचे गेले, गुऱ्हाळं लागल्याचा गोड वास सांगलीच्या वाऱ्यालासुद्धा यायला लागला, पण मागल्या दारी किसनआप्पा काही दिसला नाही. एकदा मामांना तो मिरजेच्या स्टेशनात भेटला. "नानी काय म्हनत्यात?" विचारलं तर खाली बघून म्हणाला, "काय म्हनत न्हाई. तुमचं नावच काढत न्हाई." गल्लीतल्या वाट्या आधी कमी झाल्या, मग थांबल्या. द्यायला आमच्याकडं दुकानातल्याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि दुकानातलं दिलं की पुन्हा तेच व्हायचं. बायकांच्या मनात शिवाय एक अढी बसली होती, की परवा जो आम्हाला वाटीनं दिला तोच काल ह्यांनी तोलून विकला, तर मग आमच्याकडूनही मनात पैसेच लावून ठेवले असतील. सागरगोटेवाली मुलगी यायची थांबली. मी पुन्हा पोत्यांवर जाऊन बसायला लागले. ती रिकामी पाटी भिंतीला तशीच होती, कारण रिकामी पाटी परत धाडणं मामीला सोसवेना.

आणि तरी त्या दिवसांत माझ्या मनात एक गुप्त आशा होती. मला वाटायचं, नानी सांगलीवर रागावली आहे म्हणजे आता ती मला इथं ठेवणार नाही. एक दिवस ती येईल, दुकानाच्या पायरीवर उभी राहून मामांना चार शब्द सुनावेल आणि माझा हात धरून मला घेऊन जाईल. ती काय काय बोलेल हे मी मनात रचून ठेवलं होतं. किसनआप्पाची गाडी येते त्या वेळेला मी मागल्या दारात उभी राहायची. दुसरं काही नको होतं मला. परत गावाला जायचं होतं, बस्स.

शेवटी पुन्हा सुगी आली तेव्हा मामीनंच मामांना हलवलं. तिनं स्वतः गच्चीवर वाळवलेले सांडगे त्या पाटीत भरले, वर फडकं बांधलं आणि म्हणाली, "हे मी हातानं केलंय, दुकानातलं न्हवं, आसं सांगा. आन् तारीला संगं न्या." मामांनी भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. तसं त्यांनी कधी केलं नव्हतं. मिरजेहून गाडी, मग वाठार, मग पायवाट.  मी मनात प्रत्येक ओढा, प्रत्येक झाड ओळखत चालले होते. माझे कपडे मी मुद्दाम दोन जोड घेतले होते, मामांना न सांगता पिशवीत तळाला घातले होते.

नानी खळ्यात घेवडा झोडपत होती. आम्हाला बघून तिनं काठी ठेवली, पदर सावरला, आणि आधी पाणी आणि गूळ आणून पुढं ठेवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग मामांना म्हणाली, "बसा पाव्हणं. पानी घ्या." मामा बसले नाहीत.

"आक्का, पैसं माघारी का धाडलंसा? कमी वाटलं का?"

नानीनं पदरानं कपाळ पुसलं. मग हळूच म्हणाली, "पाव्हणं, मनिऑर्डर आली तवा मी चावडीम्होरनं हंडा घिऊन येत हुते. पोस्टमननं मोठ्यांदी नाव घेतलं. सांगलीस्नं, पोरीच्या मामाकडनं, पैसं आल्यात म्हनून. पारावर समदी बसल्याली. त्यातलं एक म्हातारं म्हनलं, 'बरंच झालं की. जाऊ मेली, पोर दिली, आता पैसंबी आलं.' आता तुमीच सांगा, त्या कागदावर मी अंगठा कसा उठवू?"

मामा एकदम खाली बसले. खळ्यातल्या भुश्शातच बसले. म्हणाले, "आक्का, ते घेवड्याचं हुतं."

"ते तुमाला ठावं. गावाला काय ठावं? आन् घेवड्याचं तरी का धाडावं?"

मग मामांनी तिला सगळं सांगितलं, टंचाई, रांग, कारकून, तो शब्द. नानी ऐकत होती. म्हणाली, "मंग इकला त्याचं मला काय न्हाई. उपाशी मानसांनी खाल्लं, चांगलं झालं. पर पैसं मला कशापायी?"

"मग मी ठिवून घेऊ व्हय? दुसऱ्याच्या मालाचं?"

"माल न्हवता त्यो."

"मला दुसरं काय येत न्हाई आक्का," मामा म्हणाले. "आलेल्या वस्तूचं दाम द्यायचं, येवढंच शिकलोय मी. लहान हुतो तवापास्नं येवढंच शिकलोय. तुमची पोर माझ्या घरात हाय, तिच्याबद्दल तुमाला काय द्यावं ते मला कधी सुचलंच न्हाई."

नानीचे डोळे भरले. मला आजही वाटतं, त्या क्षणी तिला मामांची दया आली, आणि मामांना तिची अडचण कळली. दोघंही चांगली माणसं होती, आणि एकमेकांचा मार्ग दोघांनाही ठाऊक नव्हता. नानीनं नाक पुसलं, पाटीवरचं फडकं सोडलं, सांडग्यांचा वास घेतला आणि म्हणाली, "वैनीच्या हाताला चव दिसतीया." मामांनी खिशातून ती डबी काढली. "आन् ह्या पैशाचं काय करू?" "त्या पारावरच्या म्हाताऱ्याला द्या. त्याला लय हौस हाय," नानी म्हणाली, आणि मग दोघंही हसली. सांडगे घरात ठेवून तिनं रिकामी पाटी खळ्यात आणली आणि ओंजळीनं घेवडा भरायला लागली. मामांनी ती पाटी उचलून बघितली, सवयीनं हातावर जरा तोलली. नानीनं ते टिपलं. "किती भरलं पाव्हणं?" मामा लाजून म्हणाले, "बघितलं न्हाई आक्का."

मी नानीच्या मागं मागं गोठ्यापर्यंत गेले. ती म्हशीला वैरण टाकत होती. आता सगळ्यांची मनं मोकळी झाली आहेत, आता विचारलं तर चालेल, असं मला वाटलं. मी म्हटलं, "नानी, मी हितंच ऱ्हाऊ? मी कपडे आणल्यात."

तिनं वैरण टाकायचं थांबवलं. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "त्या मानसानं बाजाराचा दिस मोडला. त्याला मी काय सांगू तारा? माघारी न्यायची म्हंजी तुला आमी उसनी दिल्यागत हुईल. तुला उसनी दिली न्हाई बाळा. दिली ती दिली."

ती हे प्रेमानंच म्हणाली. त्यात माझा मान होता, मामीचा मान होता, आता ते सगळं मला दिसतं. पण तेव्हा गोठ्याच्या दारात उभं राहून मला फक्त एवढंच वाटलं, की उसनी दिली असती तर किती बरं झालं असतं. उसनं निदान परत तरी जातं. मी तसं बोलले नाही. बोलून काय उपयोग होता? नानीला वैरण टाकायची होती, आणि मामांना संध्याकाळची गाडी गाठायची होती.

वाठारला गाडी आली. मामांनी मला खिडकीशी बसवलं आणि पाटी माझ्या पायाशी ठेवली. स्टेशन मागं गेलं, शेतं मागं गेली. मग त्यांनी विचारलं, "तारा, तुला हितं ऱ्हायचं हुतं व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई."

ते माझ्या पिशवीकडं बघत होते. तळाशी घातलेल्या कपड्यांनी ती फुगली होती.   मिरजेच्या अलीकडं कुठंतरी, पाटीची काडी माझ्या घोट्याला टोचतेय हे बघून, त्यांनी पाटीच उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसले.